खारवाडीच्या मेहरूनबाई

मोठ्या साहेबांशी मालवणीत बोलणारी शिक्षिका मी आयुष्यात एकच पाहिली. घरात, बाजारात, एसटीत आम्ही सगळेच मालवणी बोलायचो. पण तालुक्याच्या कचेरीची पायरी चढलो की आमच्या जिभेला इस्त्री व्हायची. "होय सर, पाठवते सर, लगेच सर." मेहरूनबाई मात्र दारातूनच म्हणायच्या, "साहेबांनू, मी इलंय. वायच वेळ आसा काय?" आणि माझ्या शुद्ध मराठीला मान वर न करणारे तेच साहेब पेन खाली ठेवून म्हणायचे, "या बाई, बसा."

मला त्याचा राग यायचा. पुष्कळ वर्षं मी त्याला रागच म्हणत होते. तो हेवा होता.

मी देऊळवाडीच्या सरकारी शाळेची मुख्याध्यापिका. शाळा रस्त्याला लागून, भिंती रंगवलेल्या, गावातल्या मुंबईकरांनी दिलेला पाण्याचा कूलर. माझं फळ्यावरचं अक्षर बघायला इतर शाळांचे शिक्षक यायचे, हे मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून सांगून टाकते. मेहरूनबाईंची शाळा तिथून तीन किलोमीटर खाली, शिरोड्याच्या बाजूला मिठागरांच्या कडेला. वाडीचं नाव खारवाडी. दोन खोल्या, पुढे पडवी. पावसाळ्यात उधाणाची भरती आली की खारं पाणी त्या पडवीपर्यंत यायचं आणि भिंतीवर हातभर उंच पांढरी रेघ ठेवून जायचं. पट दहा-बारा मुलांचा. मिठागरात राबणाऱ्यांची काही, खाडीत जाळी टाकणाऱ्यांची काही, आणि वरच्या कातळसड्यावर चिऱ्याच्या दगडखाणी आहेत तिथे कर्नाटकातून आलेल्या मजुरांची दोन-तीन.

बाई स्वतः वेंगुर्ल्याच्या. वडिलांचा सुक्या मासळीचा धंदा. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, साडीचा पदर डोक्यावरून घेऊन कानाशी सेफ्टी पिनेनं अडकवलेला. स्कूटी चालवायच्या ती दोन्ही पाय जमिनीला घासत, जणू गाडीवर विश्वास नाही. अक्षर इतकं वाईट की केंद्रप्रमुख त्यांचे अहवाल माझ्याकडून वाचून घ्यायचे. प्रशिक्षणात दुपारच्या सत्राला उघड्या डोळ्यांनी झोपायच्या. गाता येत नव्हतं. त्यांच्या मुलांची प्रार्थना ऐकली की हसू यायचं. हे सगळं मला पाठ होतं. कोणाचे दोष इतके मन लावून मी कधी जमवले नव्हते.

एक गोष्ट मात्र त्यांच्यासारखी कोणाला जमत नव्हती. सरकारी आदेश आला की आम्ही पहिलं पान बघायचो, सही करायचो आणि फाईलला लावायचो. त्या तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. ओळीखाली लाकडी पट्टी धरून, ओठ हलवत, पोथी वाचावी तसा. वाचून झाला की पट्टी उचलायच्या आणि म्हणायच्या, "लिवलेला आसा मगे." लिहिलेलं आहे, म्हणजे ते मिळालं पाहिजे. यापलीकडे त्यांचं शिक्षणशास्त्र नव्हतं.

खाडीपलीकडच्या जुव्यावर, म्हणजे बेटावर, तीन घरं होती आणि त्या घरांतली तीन मुलं ओहोटी बघून, दप्तर डोक्यावर धरून, पाण्यातून चालत शाळेत यायची. ज्यांना शाळा लांब पडते त्यांना सरकार प्रवासाचा भत्ता देतं. मेहरूनबाईंनी अर्ज केला. कचेरीतून उत्तर आलं, वाहन कोणतं ते लिहा. त्यांनी लिहिलं, होडी.

मी त्या दिवशी काही कामाने कचेरीत होते. साहेब हसत म्हणाले, "अहो बाई, नियमात रिक्षा आहे, जीप आहे. होडी नाही."

"होडी वाहन न्हय?"

"तसं नाही, पण नियमात होडीचा उल्लेखच नाही."

मेहरूनबाईंनी पिशवीतून कागद काढले, प्लास्टिकच्या आवरणातले, आणि टेबलावर ठेवले. "होडी चलाची नाय म्हणान खंय लिवलेला आसा, ता दाखवा. मी परत जातंय."

साहेबांनी खरंच शोधलं. मिळालं नाही. पुढच्या महिन्यापासून ती तीन मुलं कोरड्या कपड्यांनी शाळेत यायला लागली.

कचेरीत सगळे कौतुक करत होते. मीही केलं. घरी येताना मात्र माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. माझ्या शाळेतही दोन बहिणी काजूच्या बागांमधून बरंच अंतर चालत यायच्या. तो आदेश माझ्याही फाईलमध्ये होता. मी तो वाचलाच नव्हता. आठवडाभरात त्या बहिणींची आई शाळेत आली आणि सरळ म्हणाली, "बाई, त्या खारवाडीच्या बाईन पोरांका होडी आणल्यान. तुम्ही आमका रिक्षा तरी आणा." मी रिक्षा आणली. पण आणली ती मेहरूनबाईंनी, हे गावाला माहीत होतं.

एकदा सभेत अनुदानाचा विषय निघाला. पट जास्त तर अनुदान जास्त, कमी तर कमी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेहरूनबाई उभ्या राहिल्या. "साहेबांनू, पन्नास पोरांच्या शाळेत छप्पर गळता तसाच दहा पोरांच्या शाळेतय गळता मां? पाऊस काय पट बघून पडता?" सभागृह हसलं. साहेबही हसले. आणि मग हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "हे मी वर कळवतो." मी सोळा वर्षं सभांमध्ये नीट, मुद्देसूद बोलत होते. माझं एकही वाक्य कोणी वर कळवलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी गरीब वस्तीतल्या मुलांच्या शाळांसाठी एक विशेष अनुदान आलं. चांगली स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, वाचनाची खोली, सकाळचा नाश्ता, जास्तीचा शिक्षक, असं बरंच काही. पण आमच्या दहा शाळांच्या केंद्रातून एकच शाळा निवडायची होती. प्रत्येकीने प्रस्ताव द्यायचा, त्यात मुलांची परिस्थिती लिहायची.

त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर मेहरूनबाईंची स्कूटी माझ्या दारात पाय घासत थांबली. हातात सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पुडी.

"बाय गो, माझा येक काम कर. तुझा अक्षर बरा, तुझी भाषा बरी. मी सांगतंय, तू लिव."

त्या बसल्या आणि सांगत राहिल्या. पडवीत आलेल्या भरतीच्या पाण्याचं सांगितलं. मग रेणुकाचं. रेणुका खाणीवरची, दुसरीतली. तिच्यासाठी बाई थोडं कानडी शिकल्या होत्या. "बा, ऊट माडु" म्हणून तिला जेवायला बोलवायच्या. ती मुलगी दुपारच्या खिचडीतली अर्धीच खायची आणि अर्धी रुमालात बांधायची. घरी धाकटा भाऊ होता, शाळेत न जाणारा.

"स्वयंपाकीण माका म्हणाली, बाई, ह्या चोरता. मी म्हटलंय, चोरता कसला? स्वतःचाच खाणा नेता. आता मी येक मूठ जास्त घालूक सांगतंय. पण त्या मुठीक खंयच्या रजिस्टरात रकानो नाय गो."

मी लिहून घेत होते. लिहिता लिहिता माझा हात थांबला. मला कळलं की हे वाचल्यावर समिती दुसरा प्रस्ताव उघडणारसुद्धा नाही.

पुढचं सांगायला जड जातं, पण सांगते. मेहरूनबाईंच्या प्रस्तावात मी लिहिलं, 'शाळेतील विद्यार्थ्यांची आर्थिक परिस्थिती बेताची असून पालक प्रामुख्याने मजुरी करतात.' एवढंच. रेणुका नाही, रुमाल नाही. त्यांनी ते पट्टी धरून वाचलं आणि म्हणाल्या, "बरा लिवलंस. शुद्ध आसा." रुमालाचं कुठे गेलं, हे त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, त्यांना कळलं नाही.

आणि माझ्या शाळेच्या प्रस्तावात मी लिहिलं, 'आमच्या शाळेतील दुसरीतली एक मुलगी रोज आपल्या ताटातला अर्धा घास रुमालात बांधते. घरी तिचा भाऊ वाट पाहत असतो. त्या घासासाठी कोणत्याही नोंदवहीत रकाना नाही.' शेवटचं वाक्यसुद्धा त्यांचंच. मी फक्त मालवणीचं शुद्ध मराठी केलं होतं.

समिती आली, शाळा बघून गेली. रुमालवाली मुलगी कोणती, असं विचारलं तर काय सांगायचं याची तयारी करून मी बसले होते. कोणी विचारलं नाही. देऊळवाडीची निवड झाली.

उद्घाटनाला केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक होते. मेहरूनबाई तिसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या खुर्चीवर. मुलांनी स्वागतगीत म्हटलं, माझ्या मुलांनी सुरात म्हटलं. मग जिल्ह्याचे अधिकारी उठले. म्हणाले, "या शाळेची निवड का झाली ते मी सांगत नाही, वाचूनच दाखवतो." आणि त्यांनी माझा प्रस्ताव वाचायला घेतला.

मी मंचावर होते. उठून जाता येत नव्हतं. घास, रुमाल, भाऊ, रकाना. एकेक शब्द ते सावकाश वाचत गेले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. मी मेहरूनबाईंकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. रागाने नाही. आदेश वाचताना बघायच्या तशा, एकेक ओळ संपवत.

कार्यक्रम संपल्यावर त्या चहाला थांबल्या नाहीत.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, पहिल्या तासाला त्या दारात उभ्या. काखेत कापडात गुंडाळलेलं हजेरीपत्रक, आणि हाताला धरलेली एक काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी.

"ह्या रेणुका," त्या म्हणाल्या. "तुझ्या शाळेतला चेडू."

मी खुर्चीवरून उठले.

"तू लिवलंस मां, तुझ्या शाळेत आसा म्हणान? साहेबांनी वाचून दाखवल्यानी. लिवलेला आसा, तर तसा व्हया."

"मेहरूनबाई, माझं चुकलं. मी..."

"माका काय नको सांगू. माका आयकाचा नाय." त्यांनी हजेरीपत्रक टेबलावर ठेवलं. "ह्या एकट्याक ठेवलंय तर आठ दिवसांत पळून येतला. म्हणान सगळीच घे. दहा आसत. पैसे इले ते तेंच्या नावान इले, ते तेंच्यावर खर्च होऊ देत. सकाळचो नाश्तो त्या अनुदानात बसता, मी वाचलंय. खारवाडीसून रिक्षापण बसता. अर्ज मी करून ठेवलंय, तू सही कर."

"आणि तुमची शाळा?"

"पट शून्य झालो की बंद होतली."

"अहो, पण तुम्ही अठरा वर्षं..."

"शाळा म्हणजे काय गो? भिंती? भरतीचा पाणी पिलेल्यो भिंती सांभाळीत बसू मी?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. कोपऱ्यातल्या माठाकडे गेल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा एकदा प्यायल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अठरा नाय. एकोणीस."

मी सही केली. मला तेव्हा शरम वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण तिच्याखाली तो जुना हेवा तसाच होता, उलट वाढला होता. मी त्यांच्याकडून एक मुलगी चोरली होती, तर ही बाई मला दहा मुलं देऊन निघाली होती. चोरीतही मला त्यांच्यापुढे जाता आलं नाही.

माझ्या गावातल्या पालकांनी कुरकुर केलीच. सभेत एकजण उठून म्हणाले, "खाणीवरची पोरां आमच्या पोरांबरोबर बसतली काय?" मी उत्तर दिलं, "अनुदान त्या पोरांसाठी आलं आहे. ती नको असतील तर अनुदानही परत पाठवावं लागेल. तसं कागदावर आहे." आपण छान बोललो, असं मला क्षणभर वाटलं. तेवढ्यात आमचे अध्यक्ष हसून म्हणाले, "ह्या तुमका मेहरूनबाईंनी शिकवल्यानी वाटता!"

खारवाडीची शाळा बंद झाली. मेहरूनबाई जास्तीच्या शिक्षिका ठरल्या आणि त्यांची बदली कुडाळकडे, वालावलच्या बाजूच्या एका शाळेत झाली. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं आणि रोज दोन एसट्या बदलायच्या. त्यांनी विनंती अर्ज केला असता तर जवळची शाळा मिळाली असती. कोणता अर्ज कसा करायचा हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. स्वतःसाठी त्यांनी तो केला नाही. निघताना मुलांची एक यादी मला देऊन गेल्या, त्या भयंकर अक्षरात. कोणाला अंधाराची भीती वाटते, कोणाचा बाप पितो, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत. रेणुकाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'भावाचा विचार.' त्या दोन शब्दांवर मी स्वयंपाकिणीला एक मूठ जास्त घालायला सांगून ठेवलं आणि पुढच्या वर्षी त्या भावाचंही नाव पहिलीत घातलं.

मुलं रुळली. नाश्ता मिळाला, वाचनाची खोली झाली. रेणुकाला मी समोर बसवलं. मराठी तिला पटकन आलं आणि अक्षर तर असं वळलं की फळ्यावरचा सुविचार मी तिलाच लिहायला देऊ लागले. ती माझी विद्यार्थिनी आहे, असं आलेल्या पाहुण्यांना सांगताना मला फार बरं वाटायचं. मनाच्या एका कोपऱ्यात मी हिशेब मिटवून टाकला होता. मुलगी आता खरंच माझ्या शाळेची होती. मी लिहिलं होतं ते खोटं राहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी मेहरूनबाई निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम नव्या शाळेत झाला. मला बोलावणं होतं. मी ताप आल्याचं कळवलं.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. शिरोड्याच्या आठवडी बाजारात, रविवारी सकाळी. मी नारळाचा भाव विचारत होते. गर्दीतून हाक आली, "बाई! ओ बाई!" रेणुकाचा आवाज मी कुठेही ओळखेन. मी वळले. आईचा हात सोडून ती माझ्या दिशेने धावत येत होती, दोन वेण्या उडवत. मी पिशवी खाली ठेवली आणि तिला जवळ घ्यायला हात पुढे केला.

ती माझ्या शेजारून निघून गेली. तिने मला पाहिलंसुद्धा नाही.

माझ्या मागे, तांबड्या माठाच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाईपुढे, मेहरूनबाई वाकून भाजी निवडत होत्या. अंगाने उतरल्या होत्या. रेणुका त्यांच्या कमरेला जाऊन आदळली. भाजीची जुडी हातातून पडली. त्यांनी दोन्ही हातांनी मुलीचं तोंड वर केलं, नीट बघितलं, आणि म्हणाल्या, "माझ्या बाय, किती गो उंच झालंस!" रेणुका काहीतरी सांगत सुटली, मराठी, मालवणी, कानडी सगळं एकत्र. माझ्या वर्गात दोन वर्षांत ती इतकं बोलली नव्हती. मेहरूनबाई ऐकत होत्या, मधेच हसत होत्या, आणि भाजीवाली पैशांसाठी हात पुढे करून तशीच बसून राहिली होती.

पुढे जाऊन बोलायला हवं होतं. चार पावलं होती. चुकलं म्हणायचं अर्धवट राहून गेलेलं होतं, तेही तिथे म्हणता आलं असतं. मी पिशवी उचलली आणि मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीने बाहेर पडले.

सोमवारी परिपाठ झाल्यावर रेणुका माझ्या टेबलाशी आली. "बाई, तुम्ही काल बाजारात होता ना? आई म्हणाली."

"नाही," मी म्हटलं, आणि तिच्या हातातला खडू घेऊन फळ्यावर तारीख लिहायला लागले.